दणकट टॅब आणि ओले हात: आपत्कालीन सेवांसाठीच्या टॅबलेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अग्निशमन दल, रुग्णवाहिका, पोलिस, आपदा मित्र आणि डोंगरात शोध-बचावाला जाणारी पथकं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. काही प्रश्न टॅब खरेदी करणाऱ्यांचे आहेत, काही तो हातात धरणाऱ्यांचे. दोघांच्या अपेक्षा बऱ्याचदा उलट्या दिशांना जातात, हे वाचताना लक्षात येईलच.

१. दणकट टॅब म्हणजे नेमकं काय? साध्या टॅबला जाड कव्हर घातलं तर भागत नाही का?

कव्हर पडझडीपासून वाचवतं, बाकी कशापासून नाही. दणकट टॅबमध्ये चार गोष्टी आतूनच वेगळ्या असतात. धूळ-पाणी अडवणारे सील, उन्हात दिसेल अशी स्क्रीन, ओल्या किंवा हातमोजे घातलेल्या हाताला ओळखणारा टच आणि बहुतेक मॉडेलमध्ये काढून बदलता येणारी बॅटरी. कंट्रोल रूममध्ये किंवा तहसील कचेरीत बसून नोंदी करायच्या असतील तर साधा टॅब आणि कव्हर पुरेसं आहे, उगाच पैसे घालू नका. टॅब गाडीतून खाली उतरणार असेल तर मात्र हिशेब बदलतो.

२. आयपी ६५, आयपी ६७, आयपी ६८ यांत फरक काय? सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा ना?

नाही. आयपी म्हणजे उपकरण धूळ-पाणी किती अडवतं ते सांगणारं मानक. त्यातला पहिला आकडा धुळीचा. तिथं ६ म्हणजे धूळ आत अजिबात जात नाही. दुसरा पाण्याचा, आणि गडबड तिथंच होते. ५ आणि ६ म्हणजे जोराने येणारी धार. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवणं. ८ म्हणजे त्याहून कडक अटींवर बुडवणं, आणि त्या अटी उत्पादक स्वतः जाहीर करतो. बुडवण्याची परीक्षा पास झालेलं उपकरण धारेची परीक्षा पास झालेलं असेलच असं नाही. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. म्हणून काही टॅबवर 'आयपी ६६/६८' असे दोन्ही आकडे छापलेले असतात.

पूरबोटीवरच्या पथकाने ७ किंवा ८ बघावा. अग्निशमन जवानांनी ५ किंवा ६ बघावा, तोही एक गोष्ट ध्यानात ठेवून: ६ची परीक्षा मिनिटाला १०० लिटर पाण्याच्या धारेची असते. बंबाच्या होजमधून मिनिटाला शेकडो लिटर येतं. होजसमोर धरण्यासाठी कुठलाच टॅब बनवलेला नाही. आणि आयपीचा उष्णतेशी काहीही संबंध नाही.

३. जाहिरातीत 'मिलिटरी ग्रेड' लिहिलंय. म्हणजे लष्कराने पास केलाय का?

लष्कर असं प्रमाणपत्र देत नाही. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचणी-पद्धतींचं पुस्तक आहे. त्याची एच आवृत्ती २०१९ची. त्यात पडणं, हादरे, उष्णता, थंडी, दमटपणा, मीठ, वाळू अशा पंचवीसहून अधिक पद्धती आहेत. त्यांतल्या कोणत्या करायच्या हे उत्पादक ठरवतो. दोनच पद्धतींत पास झालेला टॅबही '८१०एच' लिहू शकतो.

विक्रेत्याला सरळ विचारा: कोणत्या पद्धती, किती उंचीवरून, कशावर पाडला? पडण्याच्या नेहमीच्या परीक्षेत १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडतात: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. पण हे २६ आघात पाच नगांत वाटून घेण्याची मुभा आहे. म्हणजे तुमच्या हातातल्या एकाच टॅबने ते सगळे सोसले असते असं नाही. लेखी अहवाल मागितल्यावर विक्रेता गप्प बसला तर त्यातूनही उत्तर मिळतंच.

४. भर पावसात स्क्रीन वेड्यासारखी वागते. आपोआप बटणं दाबली जातात, फोन लागतात. टॅब खराब आहे का?

खराब नाही. आताच्या जवळजवळ सगळ्या स्क्रीन बोटाच्या विद्युतभाराने चालतात. पावसाचा थेंब, आणि त्याहून जास्त काचेवरून ओघळणारं पाणी, त्या स्क्रीनला बोटासारखंच भासतं. टॅबच्या आत पाणी जात नाही, पण बाहेरच्या पाण्याने तो वापरता येत नाही. 'वॉटरप्रूफ' शब्दाने होणारी सगळ्यात मोठी फसगत ही.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. पथकं मुसळधार पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने चढत गेली. अशा ठिकाणी काम करायचं तर काय लागेल, हे डोळ्यांसमोर आणून मग टॅब निवडा.

उपाय काही आहेत. बऱ्याच दणकट टॅबच्या सेटिंगमध्ये 'पाणी' किंवा 'पाऊस' असा टच-मोड असतो. तो चालू केला की स्क्रीन कमी संवेदनशील होते आणि थेंबांकडे दुर्लक्ष करते. टॅब आडवा न धरता उभा-तिरका धरला की पाणी साचत नाही. स्क्रीनला न चिकटणारं मऊ फडकं खिशात असू द्या. ओल्या गणवेशाच्या बाहीने पुसून फक्त पाणी पसरतं. महत्त्वाची कामं ('पोहोचलो', 'मदत हवी', फोटो) टॅबच्या कडेच्या खऱ्या बटणांवर नेमून ठेवता येतात. पावसात ती बटणं सोन्याच्या मोलाची. पेनचा पर्याय प्रश्न ५मध्ये.

५. हातमोजे घालून चालेल ना?

कोणते हातमोजे, यावर सगळं आहे. रुग्णवाहिकेतले पातळ नायट्राइलचे मोजे बहुतेक स्क्रीनवर चालतात. दोन जोड चढवले तर ग्लव्ह मोड लावावा लागतो. दोर हाताळण्याचे चामडी मोजे आणि आगीत घालायचे जाड मोजे मात्र ग्लव्ह मोडमध्येही भरवशाचे नाहीत.

आता अडचण बघा. ग्लव्ह मोड स्क्रीनची संवेदनशीलता वाढवतो आणि पावसाचा मोड ती कमी करतो. ओला हातमोजा आणि वरून पाऊस अशी वेळ आली की दोन्ही मोड एकमेकांच्या विरोधात जातात. माहितीपत्रकात 'पावसात चालतो' आणि 'हातमोज्यांनी चालतो' हे दोन्ही दावे खरे असतात, फक्त ते एकाच वेळी खरे असतील असं कोणी लिहिलेलं नसतं. काही टॅब मोड आपोआप बदलतात, काहींवर सेटिंगमध्ये जाऊन बदलावा लागतो. आणि ओल्या हातमोज्याने सेटिंग उघडायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

यातून सगळ्यात सरळ वाट म्हणजे पेन. मात्र रबरी टोकाचं स्वस्त पेन नको. त्याची स्थिती बोटासारखीच होते. ज्याच्यासाठी स्क्रीनखाली वेगळा थर असतो असं पेन हवं. ते हातात मोजा कुठलाही असला तरी चालतं आणि थेंबांनी फारसं बिचकत नाही. ते दोरीने टॅबला बांधा. न बांधलेलं पेन पहिल्याच पावसाळ्यात हरवतं.

उरलेली जबाबदारी ॲप बनवणाऱ्याची. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बटण किमान ९ मिलिमीटरच्या आसपास असावं. हे उघड्या बोटासाठी. मोज्यांसाठी त्याच्या दुप्पट धरा आणि 'रद्द करा'शेजारी 'पाठवा' ठेवू नका.

६. उन्हात काहीच दिसत नाही. ब्राइटनेस पूर्ण आहे.

खरेदीच्या वेळी 'निट्स' (स्क्रीनची चमक मोजण्याचं एकक) हा आकडा बघितला गेला नसणार. साध्या टॅबची स्क्रीन ३०० ते ५०० निट्स असते आणि मेच्या दुपारी ती आरशासारखी दिसते. उघड्यावर कामासाठी ८०० ते १०००च्या आसपास हवी. सॅमसंगचा टॅब ॲक्टिव्ह ५ साधारण ६०० निट्सचा आहे, तर पॅनासॉनिकचा टफबुक जी २ १००० निट्सचा. दोन्ही 'दणकट' याच नावाखाली विकले जातात, म्हणून वर्ग बघून खरेदी करू नका, आकडा बघा. चकाकी कमी करणारा थर काचेवर असेल तर कमी निट्सचीही स्क्रीन बरी दिसते. वरून बाजारातलं चकचकीत स्क्रीनगार्ड लावलं की तो थर वाया जातो.

एक गंमत: पोलराइज्ड गॉगल घालून टॅब आडव्याचा उभा केला आणि स्क्रीन एकदम काळी झाली, तर घाबरू नका. गॉगल काढा किंवा टॅब फिरवा.

७. रात्री उलटं होतं. स्क्रीन बघितली की पुढचे दोन मिनिटं अंधारात काही दिसत नाही.

डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरी स्क्रीन ते एका क्षणात घालवते. नुसता गडद मोड पुरेसा नाही, ब्राइटनेस अगदी तळाला नेता आला पाहिजे. स्क्रीनची चमक नेमकी किती खाली जाते, हे विक्रेते सांगत नाहीत. दुकानातले दिवे बंद करून बघा. ऑटो ब्राइटनेसवर विसंबू नका. बंबाचा फिरता दिवा सेन्सरवर पडला की स्क्रीन लपलपत राहते.

८. किती इंचाचा घ्यावा?

पायी जाणाऱ्यांनी ८ इंची, गाडीत राहणाऱ्यांनी १० इंची. ८ इंचाचा टॅब साडेचारशे ग्रॅमच्या आसपास येतो, १० इंची पूर्ण दणकट टॅब किलोच्या वर जातो. दुसऱ्या हातात स्ट्रेचरची दांडी किंवा विजेरी असेल तर किलोभर वजन मनगटाला दहा मिनिटांत जाणवतं. मागचा हातपट्टा डावखुऱ्यांनाही चालेल असा फिरता आहे का, ते बघा. खांद्याला लटकवायचा पट्टा दोर-कामात घालू नका. तो अडकतो.

एएलएस (प्रगत जीवरक्षक) रुग्णवाहिकेत डॉक्टर मॉनिटर, सलाइन आणि नोंदी एकाच वेळी बघत असतात, तिथं मोठी स्क्रीन भिंतीवर बसवलेली बरी. बीएलएसमध्ये (प्राथमिक जीवरक्षक) छोटी चालते.

९. गाडीत कुठे आणि कसा बसवायचा?

चालकाच्या उजव्या-डाव्या एअरबॅगच्या वाटेत अजिबात नाही. धातूच्या दांडीवर बसवलेला किलोभराचा टॅब आदळला तर काय होईल ते सांगायला नको. तो शेजारी बसलेल्याच्या हाताच्या टप्प्यात असावा. वाट त्याने सांगायची, चालकाने ऐकायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४नुसार चालवताना हातात धरलेलं संपर्क-उपकरण वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं, आणि सायरन वाजत असला तरी खड्डा खड्डाच असतो.

डॉकमधून (गाडीत टॅब बसवून चार्ज करायच्या खाचेतून) टॅब एका हाताने निघतो का, हे गाडीत बसूनच तपासा. दोन हातांनी निघणारा डॉक असेल तर लोक टॅब गाडीतच ठेवून उतरतात.

आणि व्होल्टेज! रुग्णवाहिका आणि जीप १२ व्होल्टच्या, पण अनेक बंब आणि मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर तिथं लावला की जळतो. '१२–२४' असं लिहिलेलाच घ्या.

१०. उन्हाळ्यात टॅब गाडीत चार्जिंगला लावतो, पण चार्ज होत नाही. बॅटरी गेली का?

बहुधा नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून टॅब स्वतःच चार्जिंग थांबवतो. चंद्रपुरात मेमध्ये सावलीतच पारा ४५च्या पुढे जातो. काचेमागच्या डॅशबोर्डवर किती होत असेल याचा अंदाज करा. बहुतेक दणकट टॅबमध्ये पंखा नसतो, त्यामुळे तापल्यावर तो मंदही होतो. टॅब डॅशबोर्डवरून खाली घ्या, एसीच्या झोताजवळ ठेवा, थंड झाल्यावर चार्जिंग पुन्हा सुरू होईल. थंड पाण्यात बुडवून गार करण्याचा उद्योग करू नका.

बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, तर मात्र तो टॅब लगेच बाजूला काढा. वर्षभर रात्रंदिवस डॉकवर १०० टक्क्यांवर ठेवलेल्या टॅबचं हे ठरलेलं दुखणं आहे. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर वापरा. काही टॅब बॅटरी काढून थेट गाडीच्या वीजपुरवठ्यावर चालतात. कायम गाडीत राहणाऱ्या टॅबसाठी हा फार उपयोगी गुण आहे, पण गाडी बंद केली की टॅबही बंद.

११. एका बॅटरीवर किती तास चालेल?

माहितीपत्रकातल्या आकड्याच्या निम्मे धरा. तो आकडा मंद ब्राइटनेसवर काढलेला असतो. पूर्ण ब्राइटनेस, चालू जीपीएस आणि सतत रेंज शोधणारं सिम ही तिन्ही बॅटरी खातात. मोहीम लांबणार असेल तर पॉवर बँकेपेक्षा बदलती बॅटरी चांगली, कारण पावसात चार्जिंगचं झाकण उघडावं लागत नाही (प्रश्न १७). चालू असताना बॅटरी बदलता येते की टॅब बंद करावा लागतो, हे विचारून घ्या.

१२. रेंज नसलेल्या ठिकाणी टॅबचा उपयोग काय?

ॲप नीट बनवलेलं असेल तर पुष्कळ. पूर आला की वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात आणि कालपर्यंत पूर्ण रेंज असलेलं गाव मुकं होतं. म्हणून रेंज नसणं हीच नेहमीची स्थिती धरा. ॲप विमान-मोडमध्ये टाकून बघा: फॉर्म भरता येतो का, फोटो काढता येतो का, नकाशा दिसतो का, आणि रेंज आल्यावर सगळं आपोआप जातं का? फॉर्म भरून झाल्यावर 'नेटवर्क नाही' म्हणत सगळं पुसून टाकणारं ॲप असेल तर ते स्वीकारू नका.

नकाशे आधीच उतरवून ठेवा. उतरवलेल्या नकाशांना मुदत असते, पावसाळ्याआधी ताजे करा. सह्याद्रीतल्या पायवाटा आणि वाड्या-पाडे सगळ्या नकाशांवर नसतात, ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित नकाशांत त्या पुष्कळदा सापडतात. दोन कंपन्यांची सिमं ठेवा. जिल्ह्यात कुठे कुणाची रेंज चालते हे तिथल्या एसटी चालकांना पक्कं ठाऊक असतं, त्यांना विचारा.

एक सापळा सांगतो. रेंजशिवाय दोन पथकं एकाच वस्तीत काम करत असतील तर एकाच कुटुंबाची नोंद दोन्ही टॅबवर होते. संध्याकाळी रेंज आली की बेपत्ता माणसांचा आकडा फुगलेला दिसतो आणि बातमीत तोच जातो. पथकनिहाय क्रमांक-मालिका ठरवा आणि आकडा एका माणसाने जुळवल्याशिवाय बाहेर देऊ नका.

१३. इंटरनेट नसताना जीपीएस चालतं का?

चालतं. जीपीएसचे संकेत उपग्रहांकडून थेट येतात, सिम लागत नाही. पहिल्यांदा जागा सापडायला मात्र वेळ लागतो, कारण एरवी उपग्रहांची माहिती टॅब इंटरनेटवरून झटकन घेतो. इंटरनेट नसलं की ती उपग्रहांकडूनच हळूहळू उतरवावी लागते. म्हणून केंद्रातून निघतानाच जीपीएस चालू करा. खोल दरीत, कड्याखाली संकेत कड्यावर आपटून येतात आणि बिंदू दहा-वीस मीटर, कधी त्याहून जास्त सरकतो. अशा वेळी एका बिंदूवर विश्वास ठेवू नका, मिनिटभर थांबून तो स्थिर होतो का बघा.

१४. आम्ही पाठवलेले अक्षांश-रेखांश बरोबर होते, तरी दुसरं पथक भलतीकडे गेलं. असं कसं?

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत: दशांश अंश, अंश-मिनिटं-सेकंद आणि अंश-दशांश मिनिटं. मोबाइलवरचे नकाशे पहिली दाखवतात. हेलिकॉप्टर आणि बोटी बहुधा तिसरी वापरतात. पुण्याचा अक्षांश दशांशात साधारण १८.५२. वायरलेसवर कोणी 'अठरा पॉइंट बावन्न' सांगितलं आणि ऐकणाऱ्याने १८ अंश ५२ मिनिटं लिहून घेतलं, तर बिंदू सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला, राजगुरुनगरच्या बाजूला जाऊन पडतो. टॅब निर्दोष, जीपीएस निर्दोष, माणसं भलत्या तालुक्यात.

ओळखायची युक्ती: मिनिटं ५९च्या पुढे कधीच जात नाहीत. पुण्याचा रेखांश ७३.८६ आहे. '८६ मिनिटं' असं लिहिलेलं दिसलं की समजावं, घोळ झालाय. पण ५२सारखा आकडा दोन्हीकडे खपून जातो, म्हणून पथकाची पद्धत एकच ठरवा आणि सांगताना 'दशांश अंश' हे शब्द उच्चारा. दशांशानंतर पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटर, तीन आकडे म्हणजे शंभर मीटरहून जास्त. आणि अक्षांश आधी, रेखांश नंतर. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२च्या दरम्यान आणि दुसरा ७२ ते ८१च्या दरम्यान नसेल तर अदलाबदल झालेली आहे.

१५. लोक पत्ता 'मारुतीच्या देवळामागे' असा देतात. टॅबवर तो कसा शोधायचा?

फोन करणाऱ्याकडून त्याचं लोकेशन मागवा, ते सगळ्यात बरं. भारतीय टपाल खात्याने २०२५मध्ये डिजिपिन आणला. देशातल्या साधारण ४ बाय ४ मीटरच्या प्रत्येक चौकोनाला त्यात अक्षरं-आकडे मिळून १० चिन्हांची खूण आहे. तो अक्षांश-रेखांशावरूनच निघतो, त्यामुळे ॲपमध्ये सोय असेल तर इंटरनेटशिवायही काढता येतो. वायरलेसवर सांगायला लांब आकड्यांपेक्षा सोपा आहे आणि प्रश्न १४मधला घोळ त्यात होत नाही.

पण मारुतीच्या देवळाला कमी लेखू नका. शोधखिडकीत 'मारुती', 'हनुमान' आणि रोमन लिपीतली स्पेलिंगं यांनी एकच देऊळ सापडलं पाहिजे. गावातल्या खुणा (देवळं, शाळा, पाण्याची टाकी, एसटी थांबा) आधीच नकाशावर टाकून ठेवणारं पथक रात्री कमी भटकतं.

१६. मराठीत टाइप करायला फार वेळ जातो. बोलून टाइप केलेलं चालेल का?

शांत खोलीत छान चालतं, सायरन आणि पंपाच्या आवाजात नाही. रेंज नसेल तर बऱ्याच टॅबवर मराठी बोलणं ओळखलंच जात नाही. खरं तर घटनास्थळी टाइप करायची वेळच येऊ नये. वय, लिंग, शुद्ध आहे-नाही, कुठे हलवलं हे सगळं टिचकीने निवडता यावं. नाव तेवढं टाइप करावं लागतं. ते देवनागरीतच घ्या, कारण रोमनमध्ये एकाच माणसाची तीन स्पेलिंगं होतात आणि मग नातेवाईक यादीत शोधत बसतात. जास्त काही सांगायचं असेल तर आवाज नोंदवून ठेवा आणि केंद्रात आल्यावर लिहून काढा.

१७. आयपी ६८ असूनही आत पाणी गेलं. कंपनी वॉरंटी देत नाही. चूक कुणाची?

पुढची कारणं तपासा. सिम किंवा चार्जिंगचं रबरी झाकण नीट दाबलेलं नव्हतं, हे सर्वात नेहमीचं. त्यात वाळूचा एक कण अडकला तरी पुरे. टॅब आधी जोरात पडला होता: आयपीची परीक्षा नव्या, न आपटलेल्या नगावर होते, एका कोपऱ्यावर आपटल्यावर सील सरकू शकतं. टॅब तीन-चार वर्षं जुना आहे: रबर वाळतं. आणि परीक्षा गोड्या पाण्याची असते. खाडीत किंवा समुद्रात पडलेला टॅब गोड्या पाण्याने धुऊन, झाकणं न उघडता वाळवावा लागतो. कोकणातल्या पथकांनी हे रोजचं काम समजावं, नाहीतर चार्जिंगचे पितळी संपर्क पावसाळा संपायच्या आत हिरवे होतात.

वॉरंटीत पाणी धरलेलं आहे का हे खरेदीआधी लेखी घ्या. आयपीचा आकडा म्हणजे वॉरंटी नव्हे.

१८. रक्त लागलेला टॅब कशाने पुसायचा?

बहुतेक दणकट टॅब ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसणीला टिकतात. तरी उत्पादकाची यादी बघा. ब्लीचने काही स्क्रीनवरचे थर उडतात. फवारा थेट टॅबवर मारू नका, फडक्यावर घ्या. हातपट्टा कापडी असेल तर तो रक्त शोषतो आणि कोणी धूत नाही. रुग्णवाहिकेसाठी रबरी पट्टाच मागा. पुसताना स्क्रीन लॉक करा, नाहीतर फडकं अर्धा फॉर्म भरून पाठवतं.

१९. गॅसगळतीच्या ठिकाणी दणकट टॅब नेला तर चालेल, नाही का?

नाही. हे उत्तर ठळक वाचा. दणकट म्हणजे स्फोट-सुरक्षित नव्हे. एलपीजी हवेत साधारण २ ते ९ टक्के असला की पेटू शकतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी, गटारात साचतो. साध्या टॅबची बॅटरी, कंपनाची मोटर, चार्जिंगचे संपर्क यांतली छोटी ठिणगी पुरते. अशा जागेसाठी वेगळ्या प्रमाणपत्राचे टॅब असतात: युरोपात ॲटेक्स, आंतरराष्ट्रीय पातळीवर आयईसीईएक्स, भारतात पेसो या स्फोटक-सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं, जिचं मुख्यालय नागपुरातच आहे. त्यावर कोणत्या 'झोन'साठी (किती धोक्याच्या जागेसाठी) आहे हेही लिहिलेलं असतं. आणि असा टॅबसुद्धा धोक्याच्या क्षेत्रात चार्ज करायचा नसतो, बॅटरी बदलायची नसते. उलटलेल्या टँकरच्या मोहिमेत टॅब वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब उभ्या केलेल्या गाडीत ठेवा.

२०. टॅब सगळे मिळून वापरतात. लॉक ठेवला तर घाईत उघडत नाही, नाही ठेवला तर माहिती उघडी. काय करावं?

हातमोज्यात बोटाचा ठसा चालत नाही, मास्कमध्ये चेहरा ओळखला जात नाही आणि पिन टाकायला मोजा काढावा लागतो. ओळखपत्र टेकवून उघडणारी सोय असेल तर ती सर्वात बरी. नसेल तर गाडीच्या डॉकवर असताना लॉक नाही, डॉकवरून काढल्यावर ठरावीक वेळाने लॉक, अशी रचना करून घ्या. मोहिमेचं ॲपच तेवढं उघडेल असा एक-ॲप मोडही असतो. हरवलेल्या टॅबमधली माहिती दुरून पुसता आली पाहिजे.

२०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात जिवावर बेतलेल्या वैद्यकीय आणीबाणीसाठी आणि आपत्तीतल्या मदतीसाठी माहिती वापरायला संमतीची अट नाही. पण ती मुभा मदतीपुरतीच. जखमीचा फोटो पथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं त्यात बसत नाही, आणि तो तिथून कुठे जातो ते तुम्हालाही माहीत आहे.

२१. घटनास्थळी काढलेले फोटो कोर्टात चालतात का?

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली डिजिटल नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) द्यावं लागतं. म्हणून मूळ फाइल टॅबवरून पुसू नका, कापू नका, फिल्टर लावू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दाबलेली असते, ती मूळ नव्हे. टॅबची तारीख-वेळ आपोआप जुळणारी ठेवा. बाकी पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे.

२२. अँड्रॉइड की विंडोज?

तुमचं ॲप ज्यावर चालतं ते. नव्याने सुरुवात असेल तर पायी पथकांना अँड्रॉइड सोपं जातं: लोकांच्या हाताला त्याची सवय आहे, टॅब हलका असतो. जुने विंडोज टॅब असतील तर सावध राहा. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारा टॅब त्यामुळे आतून म्हातारा झालेला असू शकतो. अँड्रॉइड घेताना सुरक्षा-अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. खोका पाच वर्षं टिकतो, सॉफ्टवेअर टिकेलच असं नाही.

२३. खरेदीआधी चाचणी कशी घ्यावी?

एक नग आठवड्यासाठी मागवा आणि तो अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवू नका. बादलीभर पाणी, तुमचेच हातमोजे, तुमचंच ॲप. हातमोजा ओला करा, स्क्रीनवर मगाने पाणी ओता, आणि अशा अवस्थेत एका जखमीची पूर्ण नोंद करा. वेळ मोजा. हेच दुपारी उन्हात, रात्री दिवे बंद करून आणि विमान-मोडमध्ये. पाचांपैकी तीन जवानांना जमलं नाही तर दोष जवानांचा नाही. ज्याला मोबाइलची फारशी सवय नाही अशा जुन्या हवालदाराला किंवा लीडिंग फायरमनला पहिला वापर करू द्या. तरुण मुलं अडचणीतून वाट काढतात आणि मग अडचण दिसतच नाही.

२४. एवढं करून टॅब दिले, पण लोक वापरत नाहीत. पुन्हा वायरलेस आणि वही.

त्यांचं कारण बहुधा बरोबर असतं. वायरलेसवर बटण दाबून चार शब्द बोलले की सगळ्यांना कळतं. टॅबवर तेच सांगायला सहा टिचक्या लागत असतील तर कोण वापरेल? वायरलेस बंद करून टॅब लादू नका. टॅबने ते करावं जे वायरलेसला जमत नाही: नकाशा, फोटो, याद्या, औषधाची मात्रा. नोंद दोनदा करायला लावणं (टॅबवर, मग रजिस्टरात) हे टॅब मारण्याचं सगळ्यात खात्रीचं साधन आहे. रजिस्टर बंद करता येत नसेल तर टॅबवरून त्याचाच छापील उतारा निघाला पाहिजे.

२५. ऐन वेळी टॅब हँग झाला तर?

सक्तीने रीस्टार्ट करण्याची बटणं (बहुतेक अँड्रॉइड टॅबवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र, काही सेकंद) कोणती ते टॅबच्या पाठीवर चिकटवून ठेवा. ती शोधायला इंटरनेट लागतं, आणि टॅब तर हँग आहे. रीस्टार्टला दोनेक मिनिटं जातात, तोवर कागद. ॲपमधल्याच क्रमाने छापलेले पाच-सहा फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत टॅबच्या कव्हरमागे असू द्या, म्हणजे नंतर चढवताना शोधाशोध होत नाही. सोबत पेन्सिल बांधा. ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही.